उंडीचा वाटा

"वर बघू नको गो, डोळ्यात कचरो जायत," रमाकांतदादा झाडावरून म्हणाले. तोवर तो गेलाही होता.

दादा उंडीच्या मधल्या फांदीवर दोन्ही पाय अडकवून बसले होते आणि मासे धरायचं जुनं जाळं शेंड्यावरून खाली पसरत होते. खाली त्यांची बायको, सुहासवयनी, जाळ्याची कड ओढून बुंध्याला बांधत होती. मी ताणकाटा आणि रिकामं पोतं घेऊन बाजूला उभी होते. त्यांच्या दारात उंडीची तीन झाडं होती. जुनी, रुंद, चकचकीत पानांची, आणि गोट्यांएवढ्या गोल फळांनी लगडलेली. दोन झाडांना सकाळीच जाळी घालून झाली होती. खाडीतून नुकतेच ओढून काढलेले मोठे मासे असावेत तशी ती झाडं दिसत होती.

"आता एक फळ वागळांक मिळाचा नाय," दादा उतरता उतरता म्हणाले. वागळां म्हणजे वटवाघळं. "चोर मेले. दर वर्सा अर्धा पीक नेतत. आता तू मोज. मगे बघूया तुझो हिशोब काय म्हणता तो."

माझा हिशोब म्हणत होता की दादा खोटं बोलतायत. मी ते तोंडाने म्हटलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं.

वायंगवाडीच्या खाडीत तेव्हा अकरा होड्या पर्यटकांना फिरवायच्या. खाडीच्या मुखापर्यंत जायचं, खारफुटीतले पक्षी दाखवायचे, वाळूच्या पट्टीवर थोडं थांबायचं आणि परत. होड्यांच्या मालकांची एक सहकारी संस्था होती. जुन्या इंजिनांचा धूर आणि पाण्यावर पसरणारा तेलाचा तवंग यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा संस्थेने ठरवलं की सगळ्या होड्यांना एकाच प्रकारचं नवं इंजिन बसवायचं. कोणतं, ते सांगायला बाहेरचं माणूस हवं होतं. मी सांगलीची. भौतिक रसायनात नुकतीच एम.एस्सी. झाले होते आणि इंधनांच्या ज्वलनावर प्रबंध लिहिला होता. खाडी मात्र मी त्याआधी नकाशातच पाहिली होती. संस्थेचे चेअरमन बाबी मयेकर यांनी मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला, होडीत बसल्यावर उलटी होते का. होत नाही म्हटल्यावर त्यांनी मला कामावर ठेवलं.

अकरापैकी दहा होड्या फायबरच्या होत्या. अकरावी रमाकांत खवणेकरांची 'सातेरी', लाकडी. दादांच्या वडिलांनी ती उंडीच्याच फळ्यांची बांधून घेतली होती आणि दर वर्षी उंडीचंच तेल पाजून ती टिकवली होती. संस्था जे इंजिन घेणार होती ते हलक्या फायबर होडीसाठी. सातेरीच्या वजनाला ते पुरलं नसतं. म्हणजे रविवारच्या सभेत माझा अहवाल मान्य झाला की दादांची होडी वाळूवर चढणार आणि दादा दुसऱ्या कुणाच्या तरी फायबर होडीवर नोकरी करणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मला ते पहिल्याच दिवशी सुहासवयनींनी चहा देताना सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. साखर संपली आहे, हे सांगावं तसं.

चाचण्या मी मनापासून केल्या. पेट्रोलचं मागे लटकवायचं मशीन हलकं होतं, लगेच सुरू व्हायचं आणि वेगात होडी पाण्यावर उचलली जायची, पण त्याचा आवाज असा की पर्यटकांना पक्षी दाखवायच्या आतच ते उडून जात. मग त्याच मशीनला गॅसची टाकी जोडून पाहिली. धूर जवळजवळ गेला, प्लगवर काजळी नाही, खर्चही उतरला. मात्र रिकामी टाकी भरून आणायला तालुक्याला जावं लागे आणि भरलेली टाकी भर उन्हात, माणसांच्या पायांशी ठेवावी लागे. बाबी मयेकरांनी वर्तमानपत्रात कुठेतरी हायड्रोजनबद्दल वाचलं होतं. पाण्यापासून इंधन होतं म्हणतात, आणि पाणी तर इथे फुकट आहे, असं त्यांचं म्हणणं. पाण्यातून हायड्रोजन काढायला जेवढी वीज लागेल तेवढ्यात होडी सरळ विजेवरच जाईल, हे मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, मग सरळच जाऊ या.

बॅटरीची मोटर एका फायबर होडीला बसवली. पहिल्या फेरीला सुकाणूवर दादाच होते, कारण खाडीतला गाळ त्यांच्याइतका कुणाला माहीत नव्हता. मी बटण फिरवलं. होडी धक्क्यापासून सुटली आणि काहीही ऐकू आलं नाही. मग हळूहळू ऐकू येऊ लागलं. नाळेखाली, होडीच्या पुढच्या टोकाशी, पाणी चिरत होतं, लांब कुठेतरी धोब्याच्या दगडावर कपडे आपटत होते, खारफुटीच्या मुळांत चिखल फुटत होता, आणि शेजारी बसलेल्या माणसाचा श्वास. दादा पुन्हा पुन्हा मागे वाकून पाण्यात बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"आवाज नाय तर होडी जिती असा ह्यां कसा कळतला?"

पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते नापसंती नव्हतं.

बॅटरीची अडचण चार्जिंगची होती. खाडीकाठी विजेची जोडणी असलेली इमारत एकच, धक्क्याला लागून असलेली जुनी मिठाची वखार. मधे काही वर्षं तिथे बर्फाचं यंत्र होतं म्हणून तारा आलेल्या. आता कौलं अर्धी फुटलेली आणि आत वाशांना दाटीवाटीने लटकलेली वटवाघळं. मीच सुचवलं की वखार साफ करून तिथे चार्जिंग करावं. बाबींनी लगेच दिवस ठरवला. शुक्रवारी फटाके लावायचे, मिरचीची धुरी द्यायची, वटवाघळं गेली की कौलं बदलायची.

शेवटी सातेरी. दादांचा प्रस्ताव साधा होता. इंजिन जुनंच राहू दे, तेल बदलू दे. होडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापलं की तोटी फिरवून उंडीच्या तेलावर न्यायची. तेल घट्ट असतं, म्हणून त्याची तांब्याची नळी त्यांनी सायलेन्सरभोवती गुंडाळली होती. त्या उष्णतेने तेल पातळ होऊन पुढे जायचं. किनाऱ्याला लागण्याआधी पुन्हा डिझेलवर यायचं, म्हणजे नोझलमध्ये काही साचत नाही. मला हे जमेल असं वाटलं नव्हतं. जमलं. धूर मी धरून चालले होते त्याच्या निम्मा निघाला, आणि त्याला पणतीसारखा वास होता. तेल मुद्दाम खाडीच्या पाण्याच्या बादलीत टाकून ठेवलं, तर काही दिवसांत त्यावर बुरशी वाढली, म्हणजे ते आपोआप कुजून संपणारं होतं. तवंगाची तक्रार ज्यामुळे होती तो गुण या तेलात नव्हताच.

तरीही माझ्या अहवालात सातेरीच्या रकान्यात एक प्रश्नचिन्ह राहिलं. पडवीत तेलाचं एक मोठं पिंप भरलेलं होतं आणि दुसरं अर्धं. एवढं तेल तीन झाडांतून येत नाही. मी फळं वाळवली, फोडली, घाण्यावर जाऊन गर किती आणि तेल किती निघतं ते बघितलं. कितीही सढळ हाताने धरलं तरी तीन झाडांचं तेल दोन-तीन कॅनमध्ये मावलं असतं. मग उरलेलं कुठून येतं? विकत घेतात? की उंडीच्या तेलात दुसरं काही मिसळतात? दोन्हींपैकी काहीही असलं तरी हा पर्याय बाद, कारण मग तो दाखवला तसा नव्हता.

विचारायला मी किनाऱ्यावर गेले. दादांच्या धाकट्या भावाची मासेमारीची होडी तेव्हाच लागली होती आणि वाळूवर वाटणी चालली होती. माशांचे छोटे छोटे ढीग मांडले जात होते. प्रत्येक माणसाचा एक, जाळ्यांचा एक आणि होडीचा एक.

"होडीचा वाटा कोण घेतं?" मी विचारलं.

"होडीच. तेल पाजूक, डागडुजी करूक," दादा म्हणाले. "ती पण कामाक येता मगे. जो येता तेका वाटो. आमच्याकडे ह्यां कोणी मोडणा नाय."

मग मी पिंपाचं विचारलं. शक्य तितकं सरळ विचारलं. दादांनी हातातला बांगडा खाली ठेवला, हात वाळूत पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुका काय वाटता, मी रॉकेल मिसळतंय?"

मी म्हटलं, मला काही वाटत नाही, फक्त आकडा जुळत नाही.

"आमच्या दारातलीच उंडी ती. थोडी झाडाखाली पडतत, थोडी वखारीत. वागळां आमचीच फळां नेऊन थंय बसान खातत आणि बियो टाकतत. सुहास रोज सकाळी जाऊन येचून हाडता. चोरलेलो माल परत हाडता, इतक्याच." मग बांगडा परत उचलून, "झाडांचा पीक तू कधी पुरा बघूकच नाय. चोर बंद करूया. मगे मोज."

म्हणून ती जाळी. वटवाघळांना अडवलं की वखारीत बी पडणार नाही, झाडावरचं पीक दुप्पट दिसेल आणि माझा आकडा जुळेल, असं त्यांचं गणित. माझंही तेच होतं, फक्त माझा आकडा जुळणार नाही अशी मला खात्री होती. गुरुवारी संध्याकाळपर्यंत मोजायचं, शुक्रवारी वखार साफ, रविवारी सभा. दादांच्या होडीचं जे व्हायचं ते या आठवड्यातच होणार होतं.

गाठी मारून झाल्यावर मी तिन्ही झाडांभोवती फिरून बघितलं. मासे धरणाऱ्या माणसांनी बांधलेलं जाळं होतं ते. चिमणीला आत जायला वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी सकाळी चहाला पोचले तेव्हा सुहासवयनी वखारीकडून येत होत्या. कमरेवर टोपली. चालण्यावरूनच कळत होतं की टोपली जड आहे. त्यांनी ती अंगणात उपडी केली. ढीग झाला, रोजच्याएवढाच. बियांवर ओला पिवळट गर आणि त्यावर बारीक दातांच्या ताज्या खुणा.

दादा पडवीतून उठून आले. ढिगाकडे बघितलं, मग झाडांकडे, मग पुन्हा ढिगाकडे.

"भोक पडलासा कोणच्यातरी जाळ्याक," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी तिन्ही जाळी तपासली. दादांनी बोटांनी, एकेक कड. भोक नव्हतं. आत फळं जशीच्या तशी होती आणि झाडाखाली जाळ्याच्या झोळीत रात्री गळून पडलेली चार-दोन.

मी वयनींना विचारलं, रोज एवढंच मिळतं का. त्या म्हणाल्या, या दिवसांत एवढंच, सासूबाई होत्या तेव्हापासून. मी विचारलं, गावात आणखी कुणाकडे उंडी आहे? नाही. पूर्वी होत्या, होड्यांसाठी तोडल्या, आता ही तीनच. मी विचारलं, मग ही फळं कुठली?

वयनींनी एक बी उचलून हातात फिरवलं, जणू त्याच्यावर कुठे पत्ता असेल.

प्रयोगशाळेत मी दोन वर्षं ज्या प्रकारच्या चोख चाचणीच्या मागे होते ती या माणसांनी माशांच्या जाळ्याने, दुसरंच काही सिद्ध करायला जाऊन, करून ठेवली होती. सगळे ज्ञात मार्ग बंद केले होते, आणि तरी वस्तू येत होती.

समोर खाडी होती. पलीकडच्या काठाला आधी खारफुटीची दाट भिंत, मागे कडा आणि त्यावर रान. मी दादांना विचारलं, पलीकडे काय आहे. काही नाही, ते म्हणाले. गुडघाभर नाही तर मांडीभर चिखल, उतरायला जागा नाही, त्यांच्या आयुष्यात तिकडे कुणी गेलेलं नाही.

"माणूस गेलेलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते बाबी मयेकरांच्या घराकडे निघाले.

बाबींना पटलं नाही. शुक्रवारचे फटाके आणि दोन किलो मिरची घेऊन झाली होती. रमाकांत होडी वाचवायला काहीही सांगेल, आणि ही पोरगी लहान आहे, असं त्यांनी मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं. मग स्वतः बघायला येतो म्हणाले. सुहासवयनींना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आपण होऊन होडीत येऊन बसल्या. इतकी वर्षं वेचते ती मी, असं त्या म्हणाल्या.

दिवस मावळताना आम्ही चौघं बॅटरीच्या होडीने निघालो. सातेरीचं इंजिन बंद करूनही बसता आलं असतं, पण ओहोटी लागली होती आणि खाडीच्या मध्यावर एका जागी टिकून राहायला मोटर चालू ठेवणं भाग होतं. दादांनी नाळ प्रवाहाकडे धरली. मोटर एवढी मंद फिरत होती की होडी ना पुढे जात होती ना मागे. पश्चिमेला मुखापाशी आकाश अजून तांबूस होतं.

आधी वखारीच्या फुटक्या कौलांतून काळी दोरी उलगडल्यासारखी वटवाघळं बाहेर पडली. वर चढली, खाडी ओलांडून पलीकडे दिसेनाशी झाली. दादांच्या तिन्ही झाडांवरून एकही घुटमळलं नाही. ती आमच्यावरून गेली तेव्हा आवाज असा काही नव्हता, नुसती हवा हलल्यासारखी वाटली.

मग काहीच नाही. पाणी. बाबी एकदा खाकरले. एक चांदणी उगवली. मोटरचा कंप फळीतून पायांना कळत होता, कानांना नाही. माझ्या मनात आलं की फळं मिळाली तर ती तिकडेच बसून खातील, परत कशाला आणतील, आणि मी या सगळ्यांना उगाच बाहेर काढलं.

आणि मग ती परत आली.

आधी ऐकू आली. ओलं फडकं कुणीतरी सावकाश झटकावं तसा आवाज, एक, मग दुसरा, मग इतके की वेगळे करता येईनात. गेली होती त्यापेक्षा फार खालून येत होती, पाण्यापासून चार-पाच हातांवरून, जड. मावळतीच्या उजेडावर प्रत्येकाची आकृती क्षणभर उमटायची, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एक गोल होता. पंख पसरलेले, आणि मधे तो गोल. एकामागून एक, आमच्या डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, डोक्यांवरून. आम्ही एका वाहत्या रस्त्याच्या मधोमध बसलो होतो, आणि तो रस्ता आमच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून तिथे रोज वाहत होता. त्याच्याखालून होड्या जायच्या, त्याच्यावरूनच आलेल्या तेलाने रंगवलेल्या, त्याच्यावरूनच आलेल्या तेलावर चालणाऱ्या, आणि एवढ्या वर्षांत कुणी वर बघितलं नव्हतं.

मला एकदम सगळं ओळीत दिसलं. डिझेलचा टँकर स्वतःचं इंधन जाळत येतो, आणि तो जितका लांबून येईल तितका त्यातला माल महाग पडत जातो. हे प्राणी फळाच्या गरावर उडत होते. गर त्यांचा, बी वखारीत. वाहतुकीचं इंधन मालाच्याच अंगावर गुंडाळलेलं, आणि ते खर्च होऊन मागे राहायचं ते नेमकं आपल्याला हवं तेवढंच, साफ केलेलं. मी तपासलेल्या कुठल्याच पर्यायात एवढं सुरेख काही नव्हतं. ते कुणी आखलेलंही नव्हतं. अभ्यासकांचं म्हणणं मी पुढे वाचलं, की फळाच्या झाडावर घुबडं टपलेली असतात, म्हणून वटवाघळं फळ सुरक्षित आडोशाला नेऊन खातात. असेल. त्या कड्यापासून सगळ्यात जवळचा आडोसा म्हणजे ही वखार. पण हे कळूनही त्या संध्याकाळचा जो धाक मला बसला तो कमी झालेला नाही.

टप्प करून काहीतरी होडीत पडलं. वयनींनी वाकून चाचपलं आणि वर काढलं. उंडीचं फळ, दातांनी धरल्याच्या खुणा असलेलं, अजून गरम.

त्यांनी ते दादांच्या हातात दिलं. दादांनी ते मुठीत धरलं आणि सुकाणू तसंच एका हाताने सांभाळत राहिले.

"माझी सासू म्हणायची, आपल्याच झाडांचा ता," वयनी हळू म्हणाल्या. "मी पण तसाच धरून चाललंय. रोज शिव्यो घालतंय तेंका."

पलीकडून येणारी रांग थांबत नव्हती. बाबी मयेकर, ज्यांना मी इतक्या दिवसांत पाच मिनिटं गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं, टोपी काढून मांडीवर घेऊन बसले होते. धक्क्यावर उतरताना म्हणाले, "मिरची बायलेक देतंय. वर्साचो मसालो होयत."

दुसऱ्या दिवशी भरतीच्या पाण्यात आम्ही पलीकडच्या काठाला जमेल तितकं जवळ गेलो. दुर्बिणीतून कड्याच्या पोटात, खारफुटीच्या वर, गडद चकचकीत पानांचा पट्टा दिसला. उंडीच. दोन-चार झाडं नव्हती ती, रान होतं. दादांनी दुर्बीण बराच वेळ डोळ्यांवरून काढली नाही.

रविवारच्या सभेत मी जे वाचून दाखवलं ते असं होतं. दहा फायबर होड्यांना बॅटरी, चार्जिंगसाठी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला लहानशी नवी खोली, वखारीला हात लावायचा नाही. सातेरी आहे तशी, उंडीच्या तेलावर. एका सभासदाने हरकत घेतली की सगळ्यांना एकच इंजिन असं ठरलं होतं, आणि शिवाय हे तेल वर्षानुवर्षं मिळेलच याची हमी कोण देतं. ती हरकत रास्त होती आणि माझ्याकडे हमी नव्हती. बाबी उठले. सातेरीचा पुरवठेदार आपल्या संस्थेपेक्षा जुना आहे आणि त्याने आजवर एकदाही संप केलेला नाही, असं ते म्हणाले. सगळे हसले, आणि हात वर झाले. दादा शेवटच्या बाकावर बसले होते. त्यांनी हात वर केला नाही. बहुधा त्यांच्या ते लक्षातच आलं नसावं.

सोमवारी मी सांगलीला निघणार होते. सकाळी निरोप घ्यायला गेले तर तिन्ही झाडांवरची जाळी उतरवून झाली होती आणि अंगणात दादा उकिडवे बसून वयनींनी आणलेल्या बियांचे ढीग मांडत होते. किनाऱ्यावर माशांचे मांडतात तसेच. एक घाण्याला जायचा, घरचा. एक होडीचा. एक सुहासवयनींचा, कारण वेचायला जाते ती. मग त्यांच्या ओंजळीत काही बिया उरल्या.

त्या घेऊन ते उठले आणि वखारीकडे चालू लागले. मीही मागून गेले. वखारीच्या मागे खाडीच्या बांधापर्यंत रिकामी जागा होती, पूर्वी तिथे मिठाचे ढीग असायचे. दादांनी कोपऱ्यात टेकवलेलं जुनं वल्हं घेतलं, त्याच्या दांड्याने जमिनीत भोक पाडलं, एक बी टाकलं आणि पायाने माती लोटली. दोन पावलं पुढे, दुसरं भोक. आत वाशांवर चुकचुक आणि पंखांची सळसळ चालली होती. एरवी ती ऐकून दादा कौलांवर खडा मारायचे.

"दादा, मिठाची जागा आहे ही. रुजतील का?" मी विचारलं.

"उंडीक खारां लागता," ते न थांबता म्हणाले. "आणि नाय रुजली तरी. जो येता तेका वाटो."

मी सवयीने पिशवीतून वही काढली आणि विचारलं, किती लावताय, म्हणजे मला पुढे कधी आले तर बघता येईल किती जगली.

त्यांनी वल्ह्याचा दांडा जमिनीत रोवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

"ह्यां मोजू नको गो," ते म्हणाले. "वाट्यातला मोजतत. दिलेला मोजणत नाय."

मी वही पिशवीत ठेवली, चपला काढल्या आणि त्यांच्या मागून पायाने माती लोटत गेले.